वेल्डिंगचं दुखणं रात्री का येतं?

दहावीच्या सुट्टीत मी मामांच्या शेडवर जायचो. तासगाव रस्त्याला पत्र्याचं शेड, पुढं दुरुस्तीला आलेल्या उसाच्या ट्रॉल्या, आत तेलाची एक जुनी मशीन आणि दोन ग्राइंडर. माझं काम अँगल धरून ठेवायचं. टाका मारायच्या आधी मामा म्हणायचे, "मान फिरव." मी फिरवायचो, पण दिवसातून चार-पाच वेळा उशीर व्हायचाच. अशाच एका दिवशी उशीर झाला, पण दुपारभर काही जाणवलं नाही. जेवलो, विहिरीवर पोहून आलो, झोपलो. रात्री एकच्या सुमाराला डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकावी तसं झालं आणि पाणी थांबेना. मामींनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, शेजारच्या काकू दूध सोडा म्हणाल्या. मामा खाटेवरूनच बोलले, "आर्क लागलीय त्याला. उद्या रातीपतूर उतरंल."

उतरलीही. पण लागलं दुपारी दोनला आणि दुखलं रात्री एकला, हे कसं, याचं उत्तर मला पुढं बऱ्याच वर्षांनी मिळालं. वेल्डिंगचे बहुतेक धोके याच जातीचे आहेत. काम करताना गप्प बसतात आणि माणूस घरी गेल्यावर बोलतात. त्यामुळं दुखण्याचा आणि कामाचा संबंधच लक्षात येत नाही.

आपल्या भागाची लोखंडाशी ओळख जुनी. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा. कुपवाड, मिरज, पलूस, कराडकडं गल्लोगल्ली फॅब्रिकेशनची शेडं आहेत. पण तिथं पोरगा मिस्त्रीच्या हाताखाली दोन-तीन वर्षं काढायचा आणि मगच रॉड धरायचा होल्डर हातात घ्यायचा. आता साध्या मोबाइलच्या किमतीत पाच-सहा किलोची इन्व्हर्टर मशीन कुरिअरनं घरी येते. गोठ्याचं गेट, द्राक्षबागेच्या मांडवाचे अँगल, कोंबड्यांचं खुराडं, सगळं घरच्या घरी. यात वाईट काही नाही. मात्र "मान फिरव" म्हणणारे मामा त्या खोक्यातून येत नाहीत.

डोळे

रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामध्ये जो जाळ, म्हणजे आर्क, दिसतो त्याचं तापमान काही हजार अंश असतं. एवढी तापलेली गोष्ट नुसता उजेड देत नाही, भरपूर अतिनील किरणंही फेकते. उन्हातही ही किरणं असतात, पण त्यातली सगळ्यात कडक हवेच्या वरच्या थरातच अडतात. वेल्डिंगचा जाळ हातभर अंतरावर असतो, मध्ये अडवायला काही नाही.

डोळ्याच्या बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्याच्या वरच्या थरातल्या पेशी ही किरणं शोषून घेतात. त्या जागच्या जागी मरत नाहीत. सहा ते बारा तासांत हळूहळू मरतात आणि गळून पडतात. त्या गळल्या की खालची चेतातंतूंची टोकं उघडी पडतात आणि पापणी मिटली-उघडली की तीच घासली जातात. वाळू असते ती ही. नवीन थर साधारण एक-दोन दिवसांत चढतो, म्हणून "उद्या रातीपतूर" हा मामांचा अंदाज बरोबर होता. बटाट्यानं आणि दुधानं फरक पडला तो आमच्या समाधानापुरता. उलट उघड्या पडलेल्या थरावर न उकळलेलं दूध किंवा मध सोडणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. अंधारात पडून राहावं, डोळे चोळू नयेत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जावं. डॉक्टर तपासताना बधिर करणारा थेंब टाकतात, तेव्हा स्वर्ग मिळाल्यासारखं वाटतं. तो थेंब घरी आणून पुन्हा पुन्हा टाकायचा नाही, त्यानं जखम भरायची थांबते.

काचेचा नंबर हा उजेडाचा हिशेब आहे, नंबर मोठा तेवढी काच जास्त काळी. घरगुती कामात जाडीच्या हिशेबानं १० नंबरचा किंवा १२ नंबरचा रॉड आणि ६० ते १३० अँपिअर एवढंच असतं. त्याला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते. जत्रेतला काळा गॉगल इथं उपयोगाचा नाही, आणि गॅस कटिंगचा हिरवा चष्माही नाही. तो ५ नंबरच्या आसपासचा असतो, शिवाय तोंड उघडंच राहतं. आपोआप काळं होणारं हेल्मेट घेतलं तर फार सोयीचं. ते चांगल्या बनावटीचं असेल तर काच उजळ असतानाही अतिनील किरणं अडवते, फक्त उजेड सोडते. नवशिक्याला त्याचा खरा फायदा असा की रॉड टेकवताना काच खाली-वर करावी लागत नाही. सगळ्यात जास्त आर्क लागते ती त्याच घटकेला.

आणि अँगल धरणाऱ्या पोराचं काय? त्याला कुणी काच देत नाही. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो, तिप्पट केलं की नवव्या हिश्शावर. म्हणजे अंगणात दहा फुटांवर उभं राहून बघणाऱ्यापेक्षा दोन फुटांवर धरून बसलेल्याला पंचवीसपट. त्यालाही काच हवीच. पांढऱ्या भिंतीवरून आणि नव्या पत्र्यावरूनही किरणं परततात, म्हणून पाठ करून बसणं पुरत नाही. मानेवर, गळ्याच्या त्रिकोणात कातडी लाल होऊन सोलते, ते उन्हानं नव्हे, याच किरणांनी. कॉलरची गुंडी लावायची. नायलॉन-पॉलिस्टरचा टी-शर्ट नको, तो नुसता जळत नाही, वितळून अंगाला चिकटतो. जुना जाड सुती शर्ट, पँट बुटाच्या बाहेर. पँट बुटात खोचली की ठिणगी थेट घोट्यापाशी जाते आणि मग जो नाच होतो तो शेडमधल्या प्रत्येकानं एकदा केलेला असतो.

दोन अर्थिंग

आता जो धोका रात्रीची वाट बघत नाही तो. मशीनला दोन जाड केबल असतात. एक होल्डरची. दुसरीला चिमटा असतो आणि तिला सगळे "अर्थिंग" म्हणतात. या एका शब्दानं फार घोळ केलाय. ती केबल जमिनीशी जोडणारी अर्थिंग नाहीच. रॉडमधून आलेला प्रवाह मशीनकडं परत नेणारी ती वाट आहे. खरी अर्थिंग वेगळी. मशीनच्या पत्र्याच्या अंगापासून तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनेतून जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत जाणारी. आतलं इन्सुलेशन गेलं आणि मशीनच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरले, तर वाचवते ती ही. जुन्या तेलाच्या मशीनला दोन फेज म्हणजे ४१५ व्होल्ट असतात, तिथं तर विचारूच नका. शेडमध्ये बघा, निम्म्या प्लगांची जाड पिन कापलेली असते आणि मालक म्हणतो, "अर्थिंग हाय की, चिमटा लावलाय."

चिमटा कुठं लावला यालाही महत्त्व आहे. टाका जिथं मारायचा त्याच्या वीतभर जवळ, रंग-गंज खरडून. ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला चिमटा आणि मागच्या एक्सलजवळ वेल्डिंग केलं, तर शंभर अँपिअर बेअरिंगमधून वाट काढतात आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली असेल तर आधी सोडा. खुद्द ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरीची वायर काढा.

होल्डरकडचे व्होल्ट कमी असतात, म्हणून लोक बिनधास्त. जाळ पेटलेला असताना ते खरंच २०-३० असतात. पण जाळ विझला की मशीन ६०-८० व्होल्ट देत उभी राहते. म्हणजे सगळ्यात धोक्याचा क्षण वेल्डिंगचा नाही. रॉड बदलायचा, घाम पुसायचा, चहा घ्यायचा, तो क्षण. कोरड्या कातडीचा अडथळा पन्नास हजार ओहमच्या आसपास असू शकतो, ७० व्होल्टनं एखाद-दोन मिलीअँपिअर जातात, फार तर मुंग्या येतात. एप्रिलमध्ये घामानं भिजलेल्या कातडीचा अडथळा हजार ओहमपर्यंत खाली येतो. तेच ७० व्होल्ट, आता ७० मिलीअँपिअर. साधारण दहाच्या वर एसी प्रवाह गेला की मूठ उघडत नाही आणि तिसाच्या वर छातीतून काही सेकंद गेला तर हृदयाची लय बिघडू शकते.

इथं एक गोष्ट बऱ्याच इलेक्ट्रिशियन लोकांनाही पटवावी लागते. घराच्या बोर्डातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, होल्डरच्या शॉकला उडत नाही. तो मेनकडून गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून बघतो. होल्डरकडची बाजू ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची, स्वतंत्र. तिथं काय चाललंय हे त्याला कळतच नाही. ईएलसीबी हवाच, तो मशीनच्या अंगात उतरलेल्या विजेसाठी. होल्डरसाठी राखणदार दोनच, कोरडे चामड्याचे हातमोजे आणि पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई. हातमोजे दोन जोड ठेवावेत, एक अंगावर, एक उन्हात वाळत. रॉड बदलताना होल्डर काखेत धरायची आपल्याकडं मोठी खोड आहे. काख म्हणजे अंगातली सगळ्यात ओली जागा आणि तिथून छाती विताच्या अंतरावर. तापलेला होल्डर पाण्याच्या बादलीत बुडवून गार करणारेही मी पाहिलेत.

नवीन मशीन घेताना व्हीआरडी आहे का विचारा. जाळ नसताना होल्डरकडचे व्होल्ट ती आपोआप खाली आणते. आणि प्लग सोळा अँपिअरचा. शंभर अँपिअरवर छोटी इन्व्हर्टर मशीनही मेनमधून पंधरा अँपिअरच्या आसपास ओढते, ट्यूबलाइटच्या सहा अँपिअरच्या प्लगमध्ये ती लावली तर आधी प्लगच वेल्ड होतो. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळी सोडून पूर्ण पसरायची, नाहीतर ती गुंडाळीतच तापत राहते.

पुराच्या भागात आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा सांगलीतल्या कितीतरी दुकानांतल्या मशिनी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरलं की माणूस आधी मशीन चालू होते का बघतो. तेच करू नये. वरून उन्हात वाळलेली दिसली तरी वळशांच्या आत गाळ आणि ओल असते. रिवाइंडिंगवाल्याकडून उघडून, धुऊन, भट्टीत वाळवून आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घेतल्याशिवाय तिला वीज दाखवायची नाही.

कुणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, धावत जाऊन मेन पाडायचा. मग १०८. श्वास नसेल तर छाती दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत.

धूर आणि सोमवारचा ताप

जीआय पाइप चमकतो तो जस्ताच्या मुलाम्यामुळं. लोखंड साधारण १५४० अंशाला वितळतं. जस्त मात्र ९०७ अंशालाच उकळतं. म्हणजे लोखंड सांधायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते. ती हवेत जळून पांढरा धूर होते, आणि आसपास कापसाच्या तुसासारखं पांढरं काहीतरी उडतं. हा धूर भरपूर ओढला तर संध्याकाळी किंवा रात्री थंडी वाजते, ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते. दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी सगळं उतरतं. डॉक्टर हिवताप तपासतात, फ्लू म्हणतात. त्यांची चूक नाही, पेशंटनं पाइपाचं सांगितलेलंच नसतं. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य "काल जीआयचं वेल्डिंग केलं" हे सांगा. धाप लागत असेल किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर प्रकरण साधं नाही.

याला जगभर सोमवारचा ताप म्हणतात. आठवडाभर रोज धूर खाणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते आणि त्रास कमी होतो. रविवारच्या सुट्टीत सवय मोडते, सोमवारी पुन्हा ताप. काही जुने मिस्त्री सवयीलाच ताकद समजतात. फुप्फुसाला काही तसं वाटत नसतं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. कसलाही धूर, नुसता जीआयचा नाही. स्टेनलेस स्टीलचा तर जास्तच वाईट, त्यात क्रोमियम असतं.

मग गूळ? आपल्याकडं शेडवर गुळाचा खडा ठेवायची रीत आहे, तो खाल्ला की धूर बाधत नाही म्हणतात. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. गूळ चांगला असतो, खा, पण मास्क लावून काम झाल्यावर. तोंडाला बांधलेला रुमालही धूर अडवत नाही, कारण या धुराचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि सुताच्या विणीतून सरळ आत जातात. एन-९५ मास्क अडवतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बसण्याची जागा. धूर वर चढतो आणि आपण वाकून नेमकं त्याच खांबात डोकं घालतो. वारा बाजूनं येईल असं बसायचं. पाइपाच्या दोन्ही बाजूंचा दोन-तीन बोटं मुलामा आधी ग्राइंडरनं काढायचा, तोही मास्क लावून.

भाग पुसायला ब्रेक क्लीनर किंवा कारखान्यातलं तेल काढायचं द्रावण वापरत असाल तर थांबा. त्यातल्या काहींत क्लोरीन असतं आणि जाळाच्या उष्णतेनं व किरणांनी त्याचा फॉस्जीन होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू. साबणपाण्यानं धुऊन कोरडं करा.

विहिरीत, टाकीत, बंद खोलीत उतरून वेल्डिंग एकट्यानं कधीच नाही. तिथं धूर साठतो आणि श्वासाची हवा कमी पडते, आणि वर कुणी नसेल तर कळणारही नाही.

रिकामा ड्रम

"रिकामा हाय, धुतलाय." हे वाक्य ऐकलं की मशीन बंद करायची. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळली की जळते. भरलेल्या टाकीत हवा कमी, वाफ दाट, म्हणून ती पेटायला उलट अवघड. रिकामीत हवा भरपूर. हवेत दीड टक्क्याच्या आसपास पेट्रोलची वाफ झाली की ठिणगी पुरते. २०० लिटरच्या ड्रममध्ये एवढी वाफ व्हायला किती पेट्रोल लागतं? एक मोठा चमचा. तेवढं तर शिवणीच्या फटीत चिकटलेलं असतं, आणि धुतल्यानं निघत नाही. डिझेल-ऑइलचा ड्रम थंड असताना गरीब वाटतो, पण जाळ पत्रा तापवतो, आतला चिकटा उकळतो आणि वाफ आपणच तयार करतो. चूल करायला, पाण्याचा हौद करायला ड्रम कापायचा मोह होतो. जो ड्रम तेल, थिनर, स्पिरिट किंवा औषधाचा होता तो सोडून द्या. मोटारसायकलची टाकी तर नाहीच. दोन्ही तोंडं बंद असलेल्या पाइपालाही आधी एक भोक पाडायचं, आतली हवा तापून फुगते.

ग्राइंडरबद्दल थोडक्यात: गार्ड काढायचा नाही. चार इंची मशीन मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे मारते, सात इंची चाक साधारण साडेआठ हजार फेऱ्यांसाठीच बनवलेलं असतं. गार्ड काढून मोठं चाक बसवणारा माणूस स्वतःच्या तोंडासमोर सुतळी बॉम्ब धरून बसतो.

भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळदीच्या सांगलीत हे लिहिणं जरा जड जातं, पण ताज्या भाजलेल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई काहीच लावायचं नाही. लावलेलं सगळं डॉक्टरांना आधी खरडून काढावं लागतं.

ठिणगी दहा मीटरपर्यंत जाते. सगळ्या दिसतात असं नाही. पाचटात, गोणपाटात, तेलाच्या चिंध्यांत, लाकडी चौकटीच्या फटीत गेलेली ठिणगी ज्वाळा न करता आतल्या आत धुमसत राहते आणि तासाभरानं पेट घेते, कुलूप लावून सगळे गेल्यावर. हंगामात ट्रॉलीचा एक्सल मोडला की फडातच वेल्डिंग करायची वेळ येते. तिथं आधी पाचट दूर ओढून जमीन मोकळी करायची, ती भिजवायची आणि पाण्याचा पंप हाताशी ठेवायचा. शेवटचा टाका मारल्यावर अर्धा ते एक तास कुणीतरी तिथं थांबायचं.

मामा शेड बंद करायच्या आधी रोज चहा सांगायचे. मशीन बंद, प्लग काढलेला, हातमोजे खुंटीला, आणि मगच चहा. पोरं घरी जायला उतावीळ, आणि हे बशीत ओतून फुंकर मारत बसणार. खुर्ची रस्त्याकडं नसायची, आत, भंगार टाकायच्या कोपऱ्याकडं तोंड करून. कप खाली ठेवला की उठायचे, पालथा हात त्या ढिगावरून, चिंध्यांवरून, पत्र्यामागच्या फळ्यांवरून फिरवायचे आणि मग किल्ली काढायचे. एवढा चहा कशाला लागतो या माणसाला, असं मला तेव्हा वाटायचं.